‘समजलं ना?’ नको, ‘करून दाखवा’ म्हणणारी सिस्टर हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर मधुमेह तपासणी शिबिराची बातमी होती, सोबत फोटो. फोटोत समई, पाहुणे, बॅनर सगळं होतं, एका कोपऱ्यात बोट पुढे करून बसलेल्या एक आजी पण होत्या. शिबिरं घेऊ नयेत असं मी म्हणत नाही, आमच्या वाड्यावरच्या दोघांना शिबिरात गेल्यामुळेच डायबेटीस असल्याचं कळलं. पण कळल्यानंतर पुढे काय करायचं ते कोणी शिकवायचं, हा प्रश्न मला गेलं वर्षभर छळतोय, म्हणून हे पत्र. लांब झालं तर कात्री लावा, पण सिरिंजचा भाग तेवढा ठेवा.

मी डिचोली तालुक्यातली, एका क्रेडिट सोसायटीत क्लार्क आहे, डॉक्टर-नर्स कोणी नाही. माझ्या सासूबाईंना (आम्ही सगळे आईच म्हणतो) चौदा वर्षांपासून डायबेटीस, गोळ्यांवर होत्या. गेल्या जुलैत पावसात पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या त्याचं इन्फेक्शन वाढलं, ताप आला आणि ॲडमिट केलं तेव्हा साखर चारशेच्या वर. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कोणावर खापर फोडायचं नाही, तिथल्या सिस्टरांनी आठ दिवस आईंचं मनापासून केलं, ड्रेसिंग तर इतकं हलक्या हाताने करायच्या की आई झोपून जायच्या. प्रॉब्लेम झाला तो डिस्चार्जच्या दिवशी.

त्या दिवशी वॉर्डातून चार-पाच जणांना एकदम सोडत होते, बिलाची गडबड, नवीन पेशंट दारात स्ट्रेचरवर, आणि एकच सिस्टर सगळीकडे धावत होती. ती आमच्याकडे आली, हातात इन्सुलिनची छोटी बाटली दिली आणि म्हणाली, "ताई, सकाळी वीस, संध्याकाळी बारा, जेवणाच्या अर्धा तास आधी, पोटावर द्यायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, समजलं ना?" मी म्हटलं हो समजलं. कोण म्हणेल हो नाही समजलं म्हणून? मागे माणसं उभी, नवरा खाली गाडी चुकीच्या जागी लावून बसलेला. कार्डावर सगळं इंग्रजीत, त्यात ते बीडी टीडीएस (म्हणजे दिवसातून दोनदा, तीनदा). घरी येताना वाटेत फार्मसीवर थांबून इन्सुलिनची सिरिंज मागितली, त्याने दिली. नारिंगी टोपीची. सिरिंजला टोपीचा रंग बघून घ्यायचं असतं हे मला तोपर्यंत आयुष्यात कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता हे ज्यांना माहीत आहे ते हसतील, पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे बाटलीतलं जे इन्सुलिन मिळतं ते बहुतेक करून एका एमएलमध्ये ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज असते ती १०० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. मी ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढत होते, म्हणजे आईंच्या पोटात वीस नाही, आठ युनिट जात होते. संध्याकाळी बारा ऐवजी पाचसुद्धा नाही. आणि मी रोज घड्याळ लावून, देवाचं नाव घेऊन, अगदी नेमाने आठ युनिट देत होते!

साखर उतरेना. तीनशे, तीनशे वीस. घरात संशय आईंवर. त्यांच्या खोलीतल्या डब्यात खडीसाखर सापडली तेव्हा तर माझ्या नवऱ्याने त्यांना असं काही सुनावलं की दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. ऑगस्टच्या शेवटी फॉलोअपला गेलो, डॉक्टरांसमोर आमचा नंबर लागला तोपर्यंत दीड वाजलेला, त्यांनी रिपोर्ट बघितला, "कमी पडतंय" म्हणाले आणि डोस वाढवून २६ आणि १६ करून दिला. त्यांची काय चूक? त्यांना वाटलं २० जातायत. त्यांनी विचारलं नाही की सिरिंज कुठली, मला सांगायचं सुचलं नाही, आणि मध्ये विचारणारं तिसरं माणूसच नव्हतं.

ते तिसरं माणूस आलं चवथीला. आमच्या शेजारची सून ओमानमध्ये नर्स आहे, गणपतीला सुट्टीवर आलेली. नेवऱ्यांचा डबा घेऊन आली, सोप्यावर आईंशी बोलत बसली, तेवढ्यात माझी इंजेक्शनची वेळ झाली म्हणून मी सगळं घेऊन आले. गंमत बघा, तिला सिरिंज बघून काही वाटलं नाही कारण बाहेरच्या बऱ्याच देशांत आता १०० चंच चालतं, ती दचकली बाटली बघून. बाटली हातात घेतली, उजेडाला धरली, लेबल वाचलं आणि मला म्हणाली, "काकी, तुम्ही कसं देता ते मला करून दाखवा बघू." मी ओढलं. तिने माझा हात धरला. काही ओरडली नाही काही नाही, फक्त कागदावर हिशोब करून दाखवला. मला रडू आलं, खरं सांगते, त्या खडीसाखरेच्या चार खड्यांवरून आम्ही म्हाताऱ्या माणसाला किती बोललो.

आणि खरी पुढची गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. मी म्हटलं आत्ताच जाऊन लाल टोपीची आणते आणि २६ देते. ती म्हणाली अजिबात नको. सवय दहा युनिटची (ह्या सिरिंजने २६ च्या रेघेला तेवढेच जातात), एकदम खरे सव्वीस गेले तर रात्रीत साखर खाली येऊन आजी उठायच्या नाहीत. आधी डॉक्टरांना फोन करा, झालेलं सगळं खरं सांगा. फोन केला, डॉक्टरांनी डोस परत खाली आणला आणि घरी तपासत तपासत हळूहळू वाढवला. म्हणजे चूक शोधणारी पण नर्स, आणि चूक सुधारताना होणारी मोठी चूक थांबवणारी पण नर्स. ती चवथीला आली नसती तर?

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम तासभर वेळ काढून आली. त्या तासात मला जे कळलं ते चौदा वर्षांत कळलं नव्हतं. मी आईंच्या बेंबीच्या डाव्या बाजूला एकाच ठिकाणी टोचत होते कारण तिथे त्यांना दुखत नाही म्हणायच्या. तिने बोटं फिरवून दाखवलं, तिथे कातडीखाली लिंबाएवढी नाही पण सुपारीएवढी मऊ गाठ झालेली. दुखत नाही ते त्या गाठीमुळेच, आणि त्यात टोचलेलं इन्सुलिन कधी लागू पडतं कधी नाही. जागा बदलत राहायची, बेंबीपासून दोन बोटं लांब, आज इथे उद्या तिथे, मांडीवर पण चालतं. आमचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ, ते देण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हळू फिरवायची, खोकल्याच्या औषधासारखी गदागदा हलवायची नाही. औषध पूर्ण आत ढकलल्यावर दहा आकडे मोजायचे मग सुई काढायची. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकायच्या नाहीत, कचरा नेणाऱ्याच्या हाताला लागतात, जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवायच्या. फ्रीजमध्ये म्हणजे दारातल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये बांगडे मासळीच्या शेजारी नाही. हे तिने हसत सांगितलं पण आमच्याच वाड्यावर एकाने "जास्त दिवस टिकेल" म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलेलं, एकदा गोठलं की ते पाणीच समजा. आणि डोस लिहिताना युनिट शब्द पूर्ण लिहायचा म्हणाली, नुसता इंग्रजी यू काढला तर घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि वीसचे दोनशे होतात.

खाण्याचं तर काय सांगू. आम्हाला सगळ्यांनी एकच सांगितलेलं, भात बंद. गोंयकाराला भात बंद! आई दोन दिवस चपाती खायच्या तिसऱ्या दिवशी गुपचूप पेज प्यायच्या, आणि लपून खाल्लं की माणूस मोजून खात नाही. तिने भात बंद केलाच नाही. उकड्या तांदळाचा भात एक वाटी, ती वाटी पण तिने स्वतः स्वयंपाकघरात येऊन निवडून दिली, ताटाचा अर्धा भाग भाजी, हुमण आहे मासळी आहे ते खा, आधी भाजी-मासळी मग भात. पोदेराकडची पोई (पाववाल्याकडचा गोल पाव) कोंड्याची म्हणून कितीही चालते हा आमचा गैरसमज होता, तो पण गेला. आईंनी विचारलं कारल्याचा रस घेतला तर हे टोचणं बंद होईल का, तर म्हणाली आजी रस आवडत असेल तर प्या पण इंजेक्शन सोडून नको. असं उत्तर डॉक्टरांकडून मिळालं नसतं असं नाही, पण डॉक्टरांना आई हा प्रश्न विचारणारच नाहीत. सिस्टरला विचारतात. हा फरक ऑफिसात बसून प्लॅन करणाऱ्यांना कधी कळणार देव जाणे.

ती परत ओमानला गेली आणि कार्तिकी एकादशीला आमची परीक्षा झाली. आईंनी सकाळी इंजेक्शन घेतलं आणि "खाल्लं गो मी" म्हणून सांगितलं, प्रत्यक्षात कडकडीत उपास. साडेअकराला मी सुट्टीच्या दिवसाची कामं करत होते, बघते तर सोप्यावर आई घामाने चिंब, पदर पिळावा असा ओला, आणि मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारून हसतायत. एकदम वाटलं अर्धांगवायू. मग तिचे शब्द आठवले, इन्सुलिनवरचं माणूस विचित्र वागलं, थरथरलं, घाम आला की आधी साखर बघा. मशीनवर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका. शेजारची बाई धावत आलेली, ती म्हणते "अगो डायबेटीसवाल्याला साखर कसली देतेस", दीर म्हणतो गाडी काढतो, एकजण प्रसादाचा लाडू घेऊन आला. लाडूत तूप, तुपाने साखर चढायला वेळ लागतो, हे पण तिनेच सांगितलेलं. माणूस शुद्धीत आहे आणि गिळतंय तोवरच तोंडाने द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. आई गिळत होत्या. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटं थांबले, ती पंधरा मिनिटं मला चतुर्थीपेक्षा मोठी वाटली, परत बघितलं ६१, परत साखर-पाणी, परत पंधरा मिनिटं, ९४. मग पेज. एकादशी मोडली म्हणून आई रुसल्या एवढंच. त्यानंतर उपास असेल तर डोसचं काय करायचं ते आदल्या दिवशी फोन करून विचारतो.

सांगायचा मुद्दा, मला हे सगळं माहीत होतं ते नशिबाने. गोव्यात किती घरांत शेजारी ओमानची नर्स आहे?

आणि आपल्याकडे हा थोड्याथोडक्यांचा आजार नाही. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरातला मोठा अभ्यास २०२३ साली लॅन्सेटच्या मधुमेहावरच्या वैद्यकीय मासिकात छापून आला त्यात मोठ्या माणसांमध्ये मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत वरचा नंबर आपला. चारात एक. आपण बीचमध्ये एक नंबर, दरडोई उत्पन्नात पुढे, आणि ह्यात पण एक नंबर. १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा चालवलेला आपला प्रदेश, आज बांबोळीला एवढं मोठं मेडिकल कॉलेज, शेजारी नर्सिंगचं कॉलेज, दोडामार्ग-सावंतवाडीहून पण माणसं इथे येतात. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, मशिनी आहेत. नाही ती एक खुर्ची जिच्यावर बसून कोणीतरी पेशंटला म्हणेल, करून दाखवा बघू.

नर्सांना ह्यात दोष देणारी पत्रं मी वाचली आहेत, "सिस्टर नीट बोलत नाहीत" वगैरे. अहो, तीस-चाळीस खाटांमागे दोन सिस्टर, त्यात अर्धा वेळ रजिस्टर भरण्यात जातो, तिने शिकवायचं कधी? शिकवणं हे तिचं कामच आहे पण त्यासाठी तिच्या ड्युटीत वेळ कुठेच लिहिलेला नसतो. २०२० साली जागतिक मधुमेह दिनाचा विषयच नर्स आणि मधुमेह हा होता. कोविडमध्ये तो वाहून गेला. इंग्लंडात डायबेटीससाठी वेगळ्या नर्स असतात, अमेरिकेत बॉस्टनचे जॉस्लिन डॉक्टर तर शंभरेक वर्षांपूर्वी नर्सांना शिकवून पेशंटच्या घरी पाठवायचे, इन्सुलिन नवं नवं होतं तेव्हा. १९२२ मध्ये जगातलं पहिलं इन्सुलिन माणसाला टोचलं गेलं, शंभर वर्षं उलटून गेली, औषध तिथून इथपर्यंत आलं पण ते कसं घ्यायचं ते सांगणारं माणूस वाटेतच राहिलं.

पायांचं एक लिहायचं राहिलं. आमच्या ओळखीचे एक काका, देवभोळे, एप्रिलच्या दुपारी देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालायचे. लादी तापलेली, बाकीची माणसं उड्या मारत चालतात, हे आरामात. लोक म्हणायचे बघा केवढी भक्ती. भक्ती होतीच हो, पण तळव्यांना कळतच नव्हतं. फोड आला, फुटला, त्यांना पत्ता नाही, धोतराला लागलेला डाग सुनेने बघितला तेव्हा उशीर झालेला. शेवटी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. आमच्या नर्सने आईंना डोळे मिटायला सांगून पायाच्या बोटांना नुसतं बोटाचं टोक लावलं, दाबलं नाही, आणि विचारलं कुठे लागलं सांगा. सहातल्या दोन ठिकाणी आईंना कळलं नाही. दवाखान्यात ह्यासाठी नायलॉनची बारीक तार असते, दहा ग्रॅमची, वाकेपर्यंत टेकवतात. दोन मिनिटांचं काम आहे. चौदा वर्षांत आईंच्या पायाला कोणी ती तार लावली नव्हती. आता त्या रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात, मी चिडवते की म्हातारपणी आरसा लागायला लागला.

माझी मागणी मोठी नाही. बिल्डिंग नको, उद्घाटन नको. प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस सकाळी एक सिस्टर फक्त ह्याच कामाला बसवा, तेवढे तास तिला दुसरं काही सांगू नका. एक टेबल, दोन्ही रंगांच्या टोप्यांच्या सिरिंजा, एक रिकामी बाटली, टोचून शिकायला एक संत्र, ती नायलॉनची तार, मराठी-कोंकणीत मोठ्या अक्षरात छापलेला एक कागद. इन्सुलिन पहिल्यांदा सुरू झालेल्या माणसाला आणि घरी टोचणाऱ्याला तिच्यासमोर करून दाखवल्याशिवाय डिस्चार्ज देऊ नका. कार्डावर कुठली सिरिंज ते मराठीत लिहा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि फार्मसीवाल्यांनी सिरिंज देताना बाटली कुठली हे एकदा विचारलं तर त्यांचं पण काही जात नाही. रिटायर झालेल्या कितीतरी सिस्टर गावागावात घरी आहेत, अनुभव तीस तीस वर्षांचा, त्यांना मानधन देऊन बोलावलं तर त्या येतील असं मला वाटतं, आमच्याच गावातल्या एकीला मी विचारलं तर म्हणाली "बोलावलं तर उद्या येते".

आपली एक वाचक,
डिचोली

ता.क. पत्र पोस्टात टाकायच्या आधी आईंनी वाचून दाखवायला लावलं. त्या म्हणतात मेचं पण लिही. तर मेमध्ये एक दिवस त्यांची साखर आली ३८०, मी घाबरले, मग लक्षात आलं की त्या आत्ताच मानकुराद आंबा कापून उठल्यात आणि हात नुसते पदराला पुसलेत. साबणाने हात धुवून परत बघितलं तर १७२. तेव्हा मशीन लावायच्या आधी हात धुवा. आणि घरात इन्सुलिनची बाटली असेल तर आत्ताच उठून बघा, बाटलीवर ४० लिहिलंय का १००, आणि सिरिंजची टोपी लाल आहे का नारिंगी. जुळत नसेल तर डोस आपल्या मनाने बदलू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.